अकराशे त्रेचाळिसावं विश्व

सुयोगने एक विश्व बंद पाडलं, ते शर्टाला इस्त्री करायची होती म्हणून.

शर्ट आकाशी होता. शुक्रवारी दुपारी दोन वाजता, म्हणजे तिकडच्या साडेचारला, परभणीची एक मुलगी, तिचे आईवडील आणि एक मामा असे चौघं मोबाइलवर त्याला बघणार होते. कुवेतमधल्या मंगफच्या त्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीला दोनच सॉकेट. एकावर फ्रिज. दुसऱ्यावर एक एक्स्टेन्शन बोर्ड आणि त्या बोर्डावर चार पिना दाटीवाटीने बसलेल्या. त्यातली एक लाल टेपने गुंडाळलेली होती आणि टेपवर इंग्रजी, अरबी आणि मल्याळम अशा तीन भाषांत लिहिलं होतं की ही पिन काढू नये. मराठीत लिहिलेलं नव्हतं. घरात राहणारे तिघंही मराठी, त्यांना काय लिहून सांगायचं, असा लिहिणाऱ्याचा विचार. सुयोगने नेमकी तीच पिन उपसली. बाकीच्या तिन्हींवर मोबाइल चार्ज होत होते, आणि मुलीकडचे मोबाइलवर येणार होते ना.

कॉलरवर इस्त्री फिरवताना त्याला जाणवलं की घर फार शांत झालंय. कोपऱ्यातल्या स्टुलावरचा जुना लॅपटॉप दिवसरात्र घरघरायचा, त्या पंख्याची त्यांना इतकी सवय झालेली की तो थांबल्यावरच ऐकू आला. लॅपटॉपची बॅटरी सहा वर्षांपूर्वीच मेलेली. वायर निघाली की खलास.

सुयोगने घाईघाईने पिन परत लावली, बटण दाबलं. पडदा उजळला, कोरा. "चालू झालं की," असं स्वतःला सांगून तो शर्ट घालून बसला. मुलीच्या मामाने विचारलं, "कुवेतला तुम्ही नेमकं काय करता?" सुयोग म्हणाला, "यंत्रांची मोजमापं बरोबर आहेत का ते तपासतो." मामा म्हणाला, "म्हणजे वजनकाट्यावाल्यांचं खातं." तिथेच ते स्थळ मोडलं.

तीन वाजता अशरफभाई फहाहीलच्या बाजारातून मासळी घेऊन आले. दारात चपला काढता काढताच त्यांची मान कोपऱ्याकडे वळली. पिशवी हातात तशीच.

"कोणी काढली?"

"मी. भाई, दहाच मिनिटं. लगेच लावली परत."

"किती वाजता?"

"अं… दीड वाजून गेला असेल. एक चाळीस."

"दीड की एक चाळीस?"

"एक चाळीस."

अशरफभाईंनी मासळी फ्रीजरमध्ये ठेवली, हात धुतले, पुसले, खिळ्याला टांगलेली वही काढली आणि लिहिलं: दिवस ४२७. १:४०. वीज गेली. वीज काढली असं लिहिलं नाही. सुयोगला ते वाचून शिवी खाल्ल्यापेक्षा वाईट वाटलं. शिवी निदान त्याच्या तालुक्यात रोजची होती.

अशरफभाई म्हसळ्याचे. वय बासष्ट, कुवेतमध्ये एकतीस वर्षं. दहावी, मग आयटीआय, मग मुंबईत बारा वर्षं, मग इथे. दक्षिणेकडच्या तेलपट्ट्यात ठेके घेणाऱ्या एका कंपनीच्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये ते मुख्य तंत्रज्ञ होते, आणि जिंतूरहून डिप्लोमा करून आलेला सुयोग त्यांच्या हाताखाली. प्रेशर गेज, तापमानाचे काटे, माप दूरवर कळवणारे ट्रान्समीटर असं सगळं प्लांटमधून त्यांच्या टेबलावर यायचं. खऱ्या मापाशी ताडून पाहायचं, चुकत असेल तर स्क्रू फिरवून जागेवर आणायचं, तारखेचं स्टिकर लावायचं आणि परत पाठवायचं.

पहिल्याच आठवड्यात सुयोगने एका ट्रान्समीटरचा स्क्रू फिरवून तो अगदी चोख केला आणि कौतुकाच्या अपेक्षेने अशरफभाईंसमोर ठेवला.

"अ‍ॅज फाउंड कुठाय?" त्यांनी विचारलं.

म्हणजे यंत्र आलं तेव्हा, हात लावायच्या आधी, ते काय दाखवत होतं त्याची नोंद. सुयोगने ती घेतलीच नव्हती. सरळ स्क्रूलाच हात घातला होता.

"आता हे सहा महिने खोटं बोलत होतं की खरं, ते कुणाला विचारायचं? तुझ्या काकाला?" अशरफभाई म्हणाले. "दुरुस्त कुणीपण करेल रे. आधी कसं होतं ते एकदा गेलं की गेलं. आधी लिही, मग हात लाव."

हे वाक्य त्यांनी त्या लॅबमध्ये एकतीस वर्षांत किती पोरांना ऐकवलं असेल, देव जाणे.

लॅपटॉपचं प्रकरण त्यांना पंधरा वर्षांपूर्वी लागलं. तेव्हा उदय नावाचा एक पुणेरी इंजिनिअर त्यांच्या खोलीत राहायचा. त्याने रिकाम्या वेळात त्यांना एक प्रोग्रॅम लिहून दिला आणि स्वतः कॅनडाला निघून गेला. पडदाभर बारीक चौकटी. चौकटीत ठिपका असेल किंवा नसेल. कुठला ठिपका टिकायचा, कुठला विझायचा, कुठे नवा उगवायचा, हे शेजारच्या ठिपक्यांवरून ठरायचं. ते ठरवणारे चार आकडे होते: किती शेजारी असले की जन्म, किती असले की मरण, शेजार किती लांबपर्यंत धरायचा, आणि दर पावलाला किती गळती. हे चार आकडे म्हणजे त्या विश्वाचे नियम. आकडे बदलले की विश्व नवं.

तिसरा रहिवासी तल्हा, फहाहीलला मोबाइलच्या दुकानात कामाला, मूळचा खेडचा. तो त्याला मुंगळ्यांचा टीव्ही म्हणायचा. "भाई, आज मुंगळ्यांची मॅच कोण जिंकलं?" असं रोज आल्या आल्या विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता आंघोळीला जायचा.

अशरफभाईंना मात्र त्यातून एका प्रश्नाचा निकाल लावायचा होता. प्रश्न त्यांचा नव्हता, मोठ्या लोकांचा होता, पण त्यांनी तो घरी आणला होता. गुरुत्वाकर्षण आहे त्याहून थोडं जास्त असतं तर तारे भराभर जळून गेले असते. अणूचं पोट धरून ठेवणारा जोर थोडा कमी असता तर कार्बन झाला नसता. पाण्यावर बर्फ तरंगला नसता तर समुद्र तळापासून गोठले असते. म्हणजे आपल्या विश्वाचे आकडे इतके नेमके बसलेत की जरा हलले तरी इथे कुणी राहणार नाही, असं पुस्तकं सांगतात, मोबाइलवरचे प्राध्यापकही सांगतात. मग दुसऱ्या नियमांच्या विश्वात कुणी जगू शकेल का? बहुतेकांचं उत्तर, नाही.

"ही माणसं एका वेळी एकच स्क्रू फिरवतात," अशरफभाई म्हणायचे. हे त्यांनी सुयोगला पहिल्यांदा कंपनीच्या बसमध्ये सांगितलं होतं, पहाटे, सगळी बस घोरत असताना. "गेजला झिरो असतो, खालचं टोक; स्पॅन असतो, वरपर्यंतची धाव. नुसता झिरो फिरवला की स्पॅन बिघडतो. म्हणून कुणी म्हणतं का, की दुसऱ्या जागी हे गेज बसूच शकत नाही? झिरो थोडा, स्पॅन थोडा, परत झिरो. चार वेळा गेलास की नवीन जागी बसतं. सगळे आकडे एकदम हलवून कुणी बघितलंय?"

"तुम्ही बघणार?"

"बघतोय."

"आणि भाई, ठिपक्यांवरून विश्वाचं कसं कळणार?"

"नाही कळणार," अशरफभाई शांतपणे म्हणाले. "हे खेळणं आहे, माहितेय मला. पण जगणं म्हणजे काय हे ठरवायला आपल्याकडे नमुना किती? एक. आपलाच. एका नगावरून टॉलरन्स, किती फरक चालेल ते, काढलास तर मी तुला लॅबमध्ये उभा करीन का? दुसरा नग बघायचाय मला. खेळण्यातला का असेना."

वहीत म्हणून अकराशेच्या वर विश्वं होती, प्रत्येकाला एक ओळ. नंबर, तारीख, चार आकडे आणि शेवटी निकाल. निकालाचे शब्द तीनच: विझलं, गोठलं, उकळलं. विझलं म्हणजे सगळे ठिपके गेले. गोठलं म्हणजे नक्षी तयार झाली आणि ढिम्म बसली. उकळलं म्हणजे पडदाभर नुसती मुंग्यांची धावपळ, कशाचा कशाला पत्ता नाही. पानंच्या पानं हेच. वाचताना सुयोगला एखाद्या गावाचं मृत्यूचं रजिस्टर वाचतोय असं वाटायचं.

आणि मग अकराशे त्रेचाळीस. ते विझलं नाही, गोठलं नाही, उकळलंही नाही. त्यात ठिपक्यांचे गोळे झाले, गोळ्यांना कड आली, आणि ती कड ते राखायला लागले. सुटे ठिपके आत ओढायचे, फुगायचे, फुगले की दोन व्हायचे. दोनशेव्या दिवसाच्या सुमाराला त्यात एक वेगळी जात निघाली, दुसऱ्यांच्या कडेकडेने फिरणारी. तल्हाने तिला नाव द्यायचं ठरवलं तर अशरफभाईंनी त्याला दटावलं. नाव दिलं की माणूस रीडिंग खोटं घेतो, म्हणाले. वहीत त्यांनी स्वतःसाठी नियम लिहून ठेवला होता: पाचशे दिवस, बाहेरून काही न करता, चालत राहिलं तरच 'जगलं' असं लिहायचं. त्या आधी नाही.

पाचशेवा दिवस ऑगस्टमध्ये येत होता. अशरफभाईंचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्यानंतर पाच दिवसांनी संपत होता आणि या वेळी कंपनी तो वाढवणार नव्हती. सगळं त्यांनी मोजून बसवलं होतं.

सुयोगने त्र्याहत्तर दिवस आधी शर्ट इस्त्री केला.

"सेव्ह नव्हतं का हो काहीच?" त्याने त्या संध्याकाळी विचारलं. विचारायलाच त्याला चार तास लागले होते.

"उदयने ती सोय केली नव्हती."

"मग परत लावू ना. आकडे तर वहीत आहेत. चारही."

अशरफभाई वही उघडून त्याच ओळीवर बोट ठेवून बसले होते. बोट उचललं नाही.

"आकडे आहेत," ते म्हणाले. "सुरुवात नाही."

सुयोगला आधी कळलं नाही. मग कळलं आणि वाटलं, कळलं नसतं तर बरं. प्रत्येक विश्व चालू करायच्या आधी पडद्यावर काही ठिपके मांडावे लागत. अशरफभाई नेहमी मधोमध तोच एक ठरलेला आकार मांडायचे, म्हणून वहीत सुरुवातीचा रकानाच नव्हता. पण अकराशे त्रेचाळीसला त्यांनी तो मांडला नव्हता. एप्रिलमधला शुक्रवार होता, डाव्या हातात फोन होता, घरी बोलणं चाललं होतं, आणि उजवा हात माऊसवर. लोक फोनवर बोलताना कागदावर फुल्या मारतात तसे त्यांनी बोलता बोलता ठिपके मारले, आणि फोन ठेवता ठेवता सहज म्हणून बटण दाबलं. दहा-बारा दिवसांनी लक्ष गेलं तेव्हा ते चालत होतं.

लॅबमधल्या प्रत्येक पोराला ज्यांनी आधी लिही, मग हात लाव म्हणून सोलून काढलं, त्यांनी स्वतः लिहिलं नव्हतं.

सुयोगने मनातल्या मनात हिशेब केला की आता निम्मी चूक भाईंची झाली. मग त्याला स्वतःचीच शिसारी आली आणि तो चहा करायला उठला.

पुढचे दोन शुक्रवार त्याने प्रायश्चित्तात घालवले. अशरफभाईंच्या मोबाइलमध्ये पडद्याचे फोटो होते. सगळ्यात जुना एकोणिसाव्या दिवसाचा, तिरका, वर ट्यूबलाइटची पट्टी आणि तिच्याखाली फोटो काढणाऱ्याच्या टकलाची सावली. सुयोगने तो मोठा केला, त्यावर रेघा आखल्या आणि एकेक ठिपका मोजून लॅपटॉपमध्ये भरला. बाहेर जूनचा फुफाटा, खिडकीच्या फटीतून आत आलेली बारीक वाळू माऊसखाली करकरायची. दोन हजार तीनशे आणि काही ठिपके. ट्यूबलाइटखाली काय होतं ते अंदाजाने धरलं, टकलाखालचंही.

विश्व अकरा मिनिटांत विझलं.

"ट्यूबलाइटच्या जागी काय भरलंस?" अशरफभाईंनी विचारलं.

"रिकामं ठेवलं."

"आणि डोक्याच्या?"

"तिथेही रिकामंच."

"बरोबर," असं म्हणून ते थोडंसं हसले. त्या महिन्यातलं तेवढंच.

सुयोगला वाटत होतं, म्हातारा सावरेल. सावरायचं राहिलं, तो आतून खचत चालला. लॅबमध्ये एक दिवस अशरफभाईंनी स्टिकरवर चुकीची तारीख घातली. दुसऱ्या दिवशी एक गेज हातात घेऊन नुसते बसून राहिले, काटा शून्यावर आहे की नाही ते ठरवता येत नसल्यासारखे. तल्हाने मुंगळ्यांबद्दल विचारणं बंद केलं. जेवताना भाई एकदा म्हणाले, "चार वर्षांपूर्वी कंपनीवाले सांगत होते, हिशेब घ्या आणि जा. तेव्हा गेलो असतो तर चाललं असतं. म्हसळ्याला लाइट दिवसातून तीनदा जाते. तिथे हे एक आठवडासुद्धा टिकलं नसतं. म्हणून थांबलो."

"घरी काय सांगितलं?"

"कंपनी सोडत नाही म्हणून सांगितलं."

ताटातला भात त्यांनी चिवडला. सुयोगला तेव्हा पुरतं उमगलं की त्याने उपसलेली ती पिन कशाची होती. चार वर्षं बायकोशी खोटं बोलून त्या माणसाने एक 'हो' मिळवण्यात काढली होती. तो 'हो' घेऊन घरी गेला असता तर निदान स्वतःला तोंड दाखवता आलं असतं.

जुलैच्या एका शुक्रवारी अशरफभाईंना एकदम सुचलं की त्या दिवशीचं बोलणं आठवलं तर हातही आठवेल. कुठल्या शब्दाला आपण थांबलो, कुठे घाई केली, त्यावरून ठिपके परत मारता येतील. सुयोगला हे अगदीच खुळं वाटलं, पण पिन काढणाऱ्याला मत नसतं. भाईंनी पडद्यावर कोऱ्या चौकटी घेतल्या, उजवा हात माऊसवर ठेवला आणि डाव्या हाताने म्हसळ्याला फोन लावून स्पीकर चालू केला.

"जेवलात?" त्यांच्या बायकोचा, अमिरुन्निसाचाचींचा आवाज आला. मागे कुकरची शिट्टी.

"जेवलो. ऐक, एक विचारायचंय. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, शुक्रवारी, आपण बोललो होतो. असंच दुपारी. काय बोललो, आठवतंय?"

"हे आता कशाला?"

"काम आहे."

"एप्रिलात चार शुक्रवार येतात."

"ईद झाली त्याच्या नंतरचा. दुसरा का तिसरा."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग चाची म्हणाल्या, "तो होय. पट्टीचा."

"कसली पट्टी?"

"डोळ्याची. आदल्या मंगळवारी महाडला ऑपरेशन झालेलं ना."

अशरफभाईंचा माऊस हलला नाही.

"मी सांगितलं तुम्हाला," चाची बोलत होत्या. आवाजात राग नव्हता, भाजीचा भाव सांगावा तसं चाललं होतं. "म्हटलं, उजव्याचं काय जमलं नाय. डॉक्टर म्हणतो आता एवढंच राहील, अंधारच. तुम्ही म्हणालात, हूं. मग मी म्हटलं, डाव्याने भागतं माझं, काळजी करू नका. तुम्ही परत हूं. मग मी गॅसचं सांगितलं."

हॉलमध्ये एसीचं पाणी बादलीत टपकत होतं. सुयोगला उठून जावंसं वाटलं, पण उठलं तर खुर्ची वाजली असती.

"गॅसचं काय?" अशरफभाईंनी विचारलं.

"सिलिंडर संपलेला."

"मग?"

"मग काय मग. आणला शेजारच्यांनी."

"अमिरुन, मला…" त्यांनी माऊस सोडला. "मला कुणी सांगितलं कसं नाही नंतर?"

"मी सांगितलंच होतं की. एकदा सांगितलं म्हणजे माहीत असणार, असं धरलं मी. तुम्ही विचारलं नाय, म्हटलं नसेल विचारायचं."

पुन्हा शिट्टी झाली. अशरफभाई म्हणाले, "मी येतो ऑगस्टला. कायमचा."

"या."

"खरंच येतो."

"या म्हटलं ना. पुढची खोली बी.एड.च्या मुलींना दिलीय, त्यांचं वर्ष एप्रिलला संपतं. तोवर मधल्या खोलीत झोपा. ठेवते, भात लागेल."

फोन ठेवल्यावर पडद्यावर एकही ठिपका नव्हता. सुयोगने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "भाई, पाणी देऊ?"

"मी नियम शोधत होतो रे," ते म्हणाले. "पंधरा वर्षं. कुठल्या नियमांत जगतं, कुठल्या नाही. आणि त्या एकात जे जगलं, ते नियमामुळे का सुरुवातीमुळे, तेच आता कळायचं नाही. सुरुवात व्हायला लागली तेव्हा ती मला डोळा गेला म्हणून सांगत होती. मी कुठे होतो? ना तिच्याकडे, ना ठिपक्यांकडे. हात आपला आपण चालला होता."

"पण जगलं तर होतं ना. चारशे सत्तावीस दिवस. आम्ही बघितलंय."

"पाचशे लिहिलंय वहीत."

"वही तुमचीच. चारशे करा."

अशरफभाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की सुयोगला ट्रान्समीटरचा तो पहिला आठवडा आठवला. "यंत्र बसत नाही म्हणून माप बदलायचं?" ते म्हणाले. आणि वही काढून अकराशे त्रेचाळीसच्या निकालाच्या रकान्यात त्यांनी एक आडवी रेघ मारली. विझलं नाही, गोठलं नाही, उकळलं नाही, जगलंही नाही. अकराशे ओळींत तेवढी एकच रेघ.

नंतर एकदा, आवराआवरी करताना, ते आपणहून बोलले. समज, खरंच कुठे दुसरे आकडे असलेलं विश्व आहे. समज, तिथे काहीतरी जगतंय, कड राखतंय, दोनाचे चार होतंय. त्याला आपण माहीत नाही, आपल्याला ते माहीत नाही. मध्ये तार नाही, फोन नाही. "आधी वाटायचं, नुसतं असेल तरी पुरे," भाई म्हणाले आणि शर्टाची घडी मोडून परत घातली. "आता वाटतं, असलं तरी आपल्या काय उपयोगाचं? फोन असून मला एवढंच कळलं."

सुयोगच्या जिंतूरच्या शाळेत असले प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचे म्हणून सोडून देत.

जायच्या आदल्या दिवशी अशरफभाईंनी लॅपटॉप आणि वही सुयोगपुढे ठेवली. न्यायचं नव्हतंच. तिकडे लाइट टिकत नाही, हे कारण त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं, पण ते आता त्यांच्या तोंडी नुसतं सवयीचं राहिलं होतं.

"एक काम करशील?"

"सांगा."

"आकडे तेच, अकराशे त्रेचाळीसचे. सुरुवाती शंभर. वेगवेगळ्या, मनात येतील तशा. बटण दाबायच्या आधी प्रत्येकीचा फोटो. शंभरातली एक जरी चालली तर म्हणायचं, त्या नियमात दम होता. मग मी काढलेलं नुसतं नशिबाने लागलेलं नव्हतं."

"आणि एकही चालली नाही तर?"

"तर काही नाही. शंभर म्हणजे काय फार नाहीत." मग जरा थांबून म्हणाले, "मला कळव फक्त. काय असेल ते कळव."

"शंभर करतो," सुयोग म्हणाला. "माझ्याकडे लागलं तुमचं." त्याला वाटलं, पिनच्या बदल्यात शंभर म्हणजे स्वस्तात सुटलो.

विमानतळावर तल्हाने गाडी लावायला अर्धा तास घातला. रांगेत अशरफभाईंच्या पुढे-मागे सगळी परत जाणारी माणसं, दोरीने बांधलेली खोकी, प्लॅस्टिकने गुंडाळलेल्या बॅगा. एकतीस वर्षांची बॅग अठ्ठावीस किलो भरली. त्यातली औषधं बघून काउंटरवरच्या मुलीने विचारलं तेव्हा भाई म्हणाले, "डोळ्याचे थेंब आहेत. बायकोचे." कुठल्या डोळ्याचे ते तिने विचारलं नाही. थेंबांनी आता काय होणार होतं, हे त्यांनाही माहीत असावं. दुकानदाराने दिले म्हणून घेतले होते.

आत जाताना ते वळले नाहीत. तल्हा म्हणाला, "भाईंनी मागे बघितलंच नाही रे." सुयोग म्हणाला, "बघण्यासारखं काय होतं?" आणि गाडी कुठे लावली ते दोघं शोधायला लागले.

त्यांच्या खाटेवर आता दुसरा माणूस आलाय, नांदेडचा, कंपनीत वेल्डर. त्याला लॅपटॉपच्या घरघरीने झोप लागत नाही म्हणून सुयोगने तो स्वतःच्या खाटेखाली घेतला. मुख्य तंत्रज्ञाची जागा अजून कुणाला दिलेली नाही, पण नवी पोरं आता सुयोगला विचारतात आणि तो त्यांच्यावर खेकसतो, अ‍ॅज फाउंड कुठाय.

पहिल्या महिन्यात त्याने बावीस सुरुवाती केल्या. शुक्रवारी चार-पाच, मधल्या दिवशी एखादी. कधी आडव्या रेघा, कधी गोल, कधी जिंतूरच्या नकाशासारखं काहीतरी, एकदा त्या परभणीच्या मुलीचं नाव. नावाचं विश्व सगळ्यात लवकर विझलं, चाळीस सेकंदांत. फोनवर बोलता बोलता, न बघता ठिपके मारायचाही प्रयत्न त्याने केला, आईशी बोलताना. पण न बघण्याकडेच इतकं लक्ष गेलं की आई म्हणाली, "काय रे, बरं नाही का तुला?"

अशरफभाईंचे निरोप सुरुवातीला रोज यायचे. मग आठवड्याला. म्हसळ्याला त्यांचं काय चाललंय ते निरोपातून फारसं कळायचं नाही. एकदा लिहिलं, पाऊस फार. एकदा लिहिलं, ती डाव्या बाजूने चालते म्हणून मी उजव्या बाजूने चालतो, पण तिला आधाराची सवय राहिलेली नाही, दचकते. त्याखाली काही नाही. सुयोगने तो निरोप दोनदा वाचला आणि उत्तरादाखल लिहिलं, एकोणतीस झाले. सगळे विझले.

तिकडून आलं: चालू दे.

आता सदतीस झालेत. एकतीस विझले, चार गोठले, दोन उकळले. सुयोगला भाईंच्या पद्धतीने विचार करायची सवय लागलीय, आणि त्या पद्धतीने सदतीसवरून काहीही सिद्ध होत नाही. शंभरवरूनही होणार नाही. हे भाईंना शंभर म्हणतानाच ठाऊक होतं, असं त्याला अलीकडे वाटतं. मग त्यांनी मागितले कशासाठी, आणि आपण कबूल केले कशासाठी, हे तो स्वतःला विचारत नाही. काम आहे, करायचंय. पण गेले तीन शुक्रवार काही ना काही निघतंच. एकदा ओव्हरटाइम, एकदा तल्हाच्या मित्राचं सामान हलवायचं, एकदा काहीच नाही, नुसता पडून राहिला. आणखी एक विझताना बघायचं, ते लिहायचं, कळवायचं, आणि तिकडे कुणीतरी ते मधल्या खोलीत बसून वाचायचं, याचा त्याला कंटाळा नाही, भीती वाटते.

अडतिसावी सुरुवात मांडून ठेवलीय. फोटोही काढलाय. बटण दाबायचं राहिलंय, आणि ते धरून त्रेसष्ट द्यायचे आहेत.